एएनए पॉझिटिव्ह आले. पण कोणती औषधे चालू होती?

या वेळच्या सदरासाठी गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेली काही पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण वरवर ती वेगवेगळ्या दुखण्यांविषयी असली तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते तेव्हा तिला चिथावणी देणारे एखादे औषध घरातच असू शकते, आणि ते ओळखायचे कसे, हा तो प्रश्न. शीर्षकातली 'एएनए' ही अशा उलटलेल्या यंत्रणेची खूण शोधणारी रक्ततपासणी आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून आम्ही डिचोली तालुक्यात राहतो. फुफ्फुसाच्या क्षयरोगासाठी त्यांचे सहा महिन्यांचे सरकारी उपचार चालू आहेत. खोकला थांबला, वजन वाढले, पण पाचव्या महिन्यापासून मनगटे आणि बोटांचे सांधे दुखू लागले. सकाळी बराच वेळ मूठ वळत नाही आणि संध्याकाळी बारीक ताप येतो. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही खासगी प्रयोगशाळेत तपासणी केली, तर 'एएनए पॉझिटिव्ह, १:१६०' असा रिपोर्ट आला. हा ल्यूपस आहे काय? क्षयरोगाच्या गोळ्या बंद कराव्यात काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षयरोग उद्भवू शकतो, आणि तो सांधेदुखीपेक्षा कितीतरी घातक आहे. मात्र पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात वडिलांना त्यांच्या उपचार केंद्रातील डॉक्टरांकडे न्या. छातीत कळ येत असेल किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता ल्यूपसविषयी, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांधे, त्वचा, मूत्रपिंड अशा अवयवांवर उलटते त्या आजाराविषयी. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनियाझिड हे औषध काही थोड्या रुग्णांत ल्यूपससारखी अवस्था निर्माण करते, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. उच्च रक्तदाबासाठीच्या हायड्रॅलेझीनबाबत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीच्या प्रोकेनामाइडबाबत १९६२ मध्ये असेच अनुभव नोंदले गेले. ही तिन्ही औषधे यकृतात 'नॅट-२' नावाच्या विकराकडून (एन्झाइमकडून) निकामी केली जातात. काही माणसांत हा विकर जन्मतःच मंद असतो, आणि आपल्या देशात अशांची संख्या बरीच मोठी आहे. औषध त्यांच्या शरीरात जास्त काळ रेंगाळते, त्यामुळे हायड्रॅलेझीन आणि प्रोकेनामाइड यांच्या बाबतीत त्यांना धोका अधिक असतो. आयसोनियाझिडच्या बाबतीत हा संबंध तितका पक्का नाही.

परंतु तुमच्या वडिलांच्या सांधेदुखीला आयसोनियाझिडच कारणीभूत आहे, असे एका रिपोर्टवरून म्हणता येणार नाही. क्षयरोगाच्या रुग्णाचे सांधे दुखण्याची सर्वांत परिचित कारणे वेगळी आहेत. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत पायराझिनामाइड हे औषध असते. ते रक्तातील युरिक आम्ल वाढवते आणि त्यातून सांधे दुखतात. पण ते औषध दोन महिन्यांनंतर थांबते आणि तुमच्या वडिलांचे दुखणे पाचव्या महिन्यात सुरू झाले, म्हणून ती शक्यता बरीच कमी होते. दुसरी शक्यता अशी की, क्षयरोगामुळे प्रतिकारयंत्रणा चाळवली जाऊन सांध्यांत जंतू नसतानाही ते सुजतात. पण ही अवस्था बहुधा उपचाराच्या आधी किंवा सुरुवातीला दिसते आणि क्षयरोग आटोक्यात येताच ओसरते. संधिवात योगायोगाने याच वेळी सुरू झाला असेल, हीही शक्यता आहे. शिवाय संध्याकाळचा ताप क्षयरोग पुरता न हटल्याचा असू शकतो, म्हणून थुंकीची तपासणी पुन्हा करावी लागेल. आयसोनियाझिडमुळे होणारी ल्यूपससारखी अवस्था सहसा काही महिने औषध घेतल्यावर प्रकटते. कालक्रम जुळतो, म्हणून संशय रास्त आहे. पण तो अजून संशयच आहे.

एएनए ही पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) शोधणारी तपासणी आहे, आणि रक्तातील द्रव किती पट पातळ करूनही ती सापडली, ते १:१६० सारखा आकडा सांगतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात पूर्ण निरोगी माणसांपैकी सुमारे शेकडा ३२ जणांत ती १:४० ला, शेकडा १३ जणांत १:८० ला आणि शेकडा ५ जणांत १:१६० ला पॉझिटिव्ह आढळली होती. वाढत्या वयात आणि दीर्घकाळच्या जंतुसंसर्गातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यातच आयसोनियाझिड घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांत कोणताही त्रास नसताना एएनए उमटते, तर प्रत्यक्ष ल्यूपससारखा आजार शंभरात एकालाही होत नाही. म्हणजे लक्षणे नसताना केलेली ही तपासणी घरात भीती आणते आणि निदान मात्र पुढे नेत नाही. तुमच्या वडिलांना लक्षणे आहेत, म्हणून ती केली गेली यात वावगे काही नाही. तिचा अर्थ लावण्याचे काम मात्र डॉक्टरांवर सोपवा.

डॉक्टर बहुधा पुढील क्रमाने जातील. हिस्टोन नावाच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे तपासली जातील. आयसोनियाझिड, हायड्रॅलेझीन आणि प्रोकेनामाइड यांच्यामुळे झालेल्या ल्यूपसमध्ये ती दहापैकी नऊपेक्षा अधिक रुग्णांत सापडतात. तथापि खऱ्या ल्यूपसच्याही निम्म्याहून अधिक रुग्णांत ती असतात, त्यामुळे ती नसणे हे औषधाविरुद्धचा संशय कमी करते, पण असणे म्हणजे निर्णय नव्हे. म्हणूनच जोडीने 'डीएसडीएनए' म्हणजे दुहेरी धाग्याच्या डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे आणि 'सी-३, सी-४' ही प्रतिकारयंत्रणेतील पूरक प्रथिने पाहतात. औषधजन्य प्रकारात पहिली बहुतेक वेळा नसतात आणि दुसरी सहसा सामान्य पातळीवर असतात. लघवीत प्रथिने वा रक्तपेशी आढळल्या तर चित्र बदलते, कारण औषधजन्य ल्यूपस मूत्रपिंडाला आणि मेंदूला क्वचितच हात लावतो. आणखी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. खरा ल्यूपस दहापैकी सुमारे नऊ वेळा स्त्रियांना आणि बहुधा तरुण वयात होतो. औषधजन्य प्रकार पुरुषांनाही जवळजवळ तितकाच होतो, आणि ज्या वयात औषधे वाढतात त्याच वयात तो वाढतो. चौसष्टाव्या वर्षी पुरुषाला ल्यूपस झाल्याचा संशय आला, की पहिला प्रश्न औषधांचाच विचारला पाहिजे.

या सगळ्या तपासण्यांनंतरही शेवटचा पुरावा औषध थांबवल्यावरच मिळतो. ते एकच औषध काढून त्याच्या जागी दुसरे देण्याचा निर्णय क्षयरोगतज्ज्ञ घेऊ शकतात; बाकीचे उपचार चालूच राहतात. कारण तेच असेल तर काही आठवड्यांत सांधे मोकळे होऊ लागतात, पूर्ण बरे व्हायला काही महिने लागू शकतात. एएनए मात्र त्यानंतरही दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहू शकते. माणूस बरा असताना ती पुन्हा पुन्हा तपासून काळजी वाढवू नका.

प्रश्न : मी ५१ वर्षांची असून फोंडा तालुक्यात आमचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. कामामुळे उन्हात जाणे होतेच. गेल्या वर्षापासून मान, पाठीचा वरचा भाग आणि दंडांच्या बाहेरच्या बाजूला लालसर गोल चट्टे उठतात, त्यांच्या कडांना कोंडा सुटतो. गजकर्ण समजून मलमे लावली, मग बुरशीवरच्या गोळ्याही घेतल्या. चट्टे उलट वाढले. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पित्तासाठी पँटोप्राझोल मी बरीच वर्षे घेते. याचा काही संबंध असेल काय?

उत्तर : संबंध असण्याची शक्यता मला बरीच वाटते, आणि तुमचे पत्र मुद्दाम सविस्तर घेत आहे, कारण असे चट्टे आपल्याकडे वर्षानुवर्षे गजकर्ण म्हणून चोळले जातात.

त्वचेपुरत्या मर्यादित राहणाऱ्या ल्यूपसच्या एका प्रकारात नेमके तुम्ही वर्णन केले तसे, कडेला कोंडा असलेले वर्तुळाकार चट्टे उन्हाला उघड्या असलेल्या भागांवर उठतात. चेहरा बहुतेकदा सुटतो, आणि बरे झाल्यावर व्रण राहत नाही. यातील बरीच प्रकरणे औषधांमुळे उद्भवतात. संशयित औषधांच्या यादीत अग्रभागी आहेत ती हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध, डिल्टिआझेमसारखी रक्तदाबाचीच आणखी काही औषधे, पँटोप्राझोल आणि ओमेप्राझोल यांच्या कुळातील पित्ताची औषधे, आणि बुरशीवरचे टर्बिनाफीन. आपल्या रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' हे अक्षर आहे काय, ते पाकिटावर पाहा. असेल तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेले आहे. बुरशीसाठी घेतलेली गोळी टर्बिनाफीनची होती काय, तेही शोधा. तसे असेल तर पित्ताच्या वा रक्तदाबाच्या गोळीने उठवलेले चट्टे बुरशी समजून त्यावर दिलेल्या औषधाने अधिक भडकले, अशी साखळी संभवते.

येथे वेळेचे गणित फसवे असते. टर्बिनाफीनची प्रतिक्रिया काही आठवड्यांत दिसते, पित्ताच्या औषधांची आठवडे ते महिन्यांत, पण हायड्रोक्लोरोथायझाइड वर्षानुवर्षे विनातक्रार घेतल्यानंतरही चट्टे उठू शकतात. 'ही गोळी तर मी किती वर्षे घेते' हे उत्तर म्हणून संशय दूर करायला पुरेसे नाही.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्यावर आधी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे का ते पाहावे, असे सुचवा. ही तपासणी स्वस्त आहे, लगेच होते, आणि हिच्याविना वर्षभर मलमे लावणे योग्य नव्हे. त्यातही स्टेरॉइड मिसळलेली मलमे फार्मसीतून आपल्या मनाने आणली असतील तर ती आताच थांबवा; बुरशी असली तर ती त्यांनी वाढते आणि नसली तर चट्ट्यांचे रूप पालटून निदान अवघड होते. बुरशी नसेल तर त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासतात आणि रक्तात 'अँटी-रो' प्रतिपिंडे पाहतात. ती या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत असतात. आधीच्या पत्रात ज्या हिस्टोन प्रतिपिंडांचा उल्लेख आला, ती या प्रकारात पुष्कळदा सापडत नाहीत. ती नाहीत म्हणून औषध निर्दोष ठरवले जाऊ नये.

दोन्ही गोळ्यांना पर्याय आहेत आणि ते तुमच्या डॉक्टरांना सहज देता येतील. रक्तदाबाची गोळी मात्र पर्याय हाती आल्याशिवाय सोडू नका. पँटोप्राझोल दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबवले की पित्त काही दिवस उसळून येते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच गोळी घेतो. म्हणून ती हळूहळू कमी करावी. चट्टे निवळायला काही आठवडे ते काही महिने लागतील. तोवर कुळागरातले काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे आणि लांब बाह्यांचे जाड सुती कपडे वापरावेत. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले तरी ही काळजी सोडू नये, कारण त्रासदायक अतिनील किरणे ढगांतूनही बऱ्याच प्रमाणात येतात. चट्टे गेल्यावरही डोळे आणि तोंड सतत कोरडे पडू लागल्यास डॉक्टरांना सांगा, कारण अँटी-रो प्रतिपिंडे असलेल्या काही स्त्रियांत औषधाने केवळ आधीपासून दबलेला आजार वर आणलेला असतो.

प्रश्न : आम्ही पेडण्याचे. पत्नी ४६ वर्षांची असून तिला थायरॉइडचा त्रास आहे. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ती काही महिने रोज गुळवेलीचा काढा घेत होती. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, आता डॉक्टर यकृताचा तुकडा तपासायचा म्हणतात. वनस्पतीने असे होऊ शकते काय?

उत्तर : होऊ शकते. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी पुष्कळांच्या रक्तात स्वयंप्रतिकारक यकृतदाहात आढळणारी प्रतिपिंडे होती, आणि थायरॉइडसारखे आजार आधीपासून असलेल्यांची संख्या लक्षणीय होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली होती. तुमच्या घरी मात्र हा वाद मिटेपर्यंत थांबता येणार नाही. काढा बंद करा आणि बरे वाटल्यावरही पुन्हा सुरू करू नका, कारण दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया पहिलीपेक्षा वेगवान आणि उग्र असू शकते.

गोव्याच्या पावसाळ्यात काविळीमागे लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग नाही ना, हेही पाहिले पाहिजे, विशेषतः शेतात अनवाणी काम होत असेल आणि ताप व पोटऱ्यांत दुखणे असेल तर. ते नसेल, तर एएनए, स्नायुतंतूंविरुद्धची प्रतिपिंडे आणि 'आयजीजी' या प्रथिनाची पातळी पाहून यकृताचा तुकडा तपासणे हा योग्य मार्ग आहे, आणि त्याला तुम्ही संमती द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. औषधाने वा वनस्पतीने झालेला दाह आणि मुळातला स्वयंप्रतिकारक यकृतदाह सूक्ष्मदर्शकाखालीही पुष्कळदा सारखेच दिसतात, हे खरे आहे. तरीही त्यातून इजा किती खोल आहे आणि यकृतात जुने तंतू साचले आहेत काय, हे कळते. तंतू असतील तर आजार काढ्याच्या आधीपासूनचा असण्याची शक्यता बळावते. पुढे स्टेरॉइड द्यावे लागले तर खरा उलगडा ते हळूहळू थांबवल्यावर होतो. औषधजन्य दाह सहसा परतत नाही, मूळचा आजार बहुधा परततो. म्हणून स्टेरॉइड बंद झाल्यावरही यकृताच्या तपासण्या काही वर्षे ठरावीक अंतराने करत राहा.

पत्नीला लघवीच्या वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन दीर्घकाळ दिले होते काय, हेही आठवून डॉक्टरांना सांगा. तेही असाच यकृतदाह घडवते, आणि काढ्याकडे लक्ष गेले की ते नजरेतून सुटते.

प्रश्न : माझे वय ५९, राहणार वास्को. हृदयात स्टेंट बसवल्यावर अॅटोरवास्टॅटिन चालू झाले. आता जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. गोळी बदलावी काय?

उत्तर : स्टॅटिनने, म्हणजे तुमच्या गोळीसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांनी, स्नायू दुखणे हे बरेच आढळते आणि गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ते जाते. दुखण्यापेक्षा अशक्तपणा मात्र अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येत नसेल, तर 'सीपीके' (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा विकर) आणि थायरॉइडची तपासणी लगेच करून घ्या. फार थोड्या रुग्णांत, लाखात दोन-तीन जणांत, स्टॅटिन ज्या विकराला रोखते त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात, आणि गोळी थांबवल्यावरही स्नायू झिजत राहतात. त्याला प्रतिकारयंत्रणा आवरणारे उपचार लागतात. स्टेंट असल्यामुळे गोळी थांबवण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्या, पण ते बोलणे उद्यावर ढकलू नका.

प्रश्न : माझा भाचा तारवटी आहे. चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी तो जहाजावर मिनोसायक्लीन घेत होता आणि आता सांधे धरले म्हणून घरी आला आहे. असे आणखी कोणत्या औषधांनी होते? औषध सुरू करण्यापूर्वीच तपासणी करून घेता येईल काय? (मडगाव)

उत्तर : मिनोसायक्लीन तरुण वयात ल्यूपससारखी अवस्था घडवू शकते, बहुधा दीर्घकाळ घेतल्यावर. त्यात हिस्टोन प्रतिपिंडे पुष्कळदा नसतात आणि 'पी-एएनसीए' (पांढऱ्या रक्तपेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्ह येते, हे त्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. यकृताच्या तपासण्याही करून घ्या. औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे होतात.

आधी एएनए तपासून औषध द्यावे की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून तशी तपासणी करून घेऊ नये. काही खुणा मात्र माहीत असाव्यात. थायरॉइड आटोक्यात आणणाऱ्या प्रोपिलथायोयुरॅसिलने, आणि क्वचित कार्बिमाझोलनेही, रक्तवाहिन्यांचा दाह होऊन लघवीतून वा खोकल्यातून रक्त येऊ शकते. गरोदरपणातील रक्तदाबासाठीच्या मिथिलडोपाने तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या आणि पाय सुजला, तर तो प्रतिपिंडांमुळे रक्त गोठण्याचा प्रकार असू शकतो, आणि तेथे तासांचा उशीरही महाग पडतो. संधिवातासाठीच्या अडॅलिम्युमॅबसारख्या इंजेक्शनांनी होणाऱ्या ल्यूपसमध्ये, वर सांगितलेल्या नियमाला अपवाद म्हणून, डीएसडीएनए प्रतिपिंडे सापडतात. कर्करोगावरील निव्होल्युमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांचे परिणाम तर शेवटच्या मात्रेनंतर काही महिन्यांनीही दिसू शकतात. असा रुग्ण जुलाब, दम किंवा कमालीचा थकवा घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, तर त्याने ते उपचार झाल्याचे स्वतःहून सांगितले पाहिजे.

भाच्याने परदेशी बंदरांत घेतलेल्या औषधांसह सर्व औषधांची तारखांनिशी यादी करावी. डोळ्यांत घालायचे थेंब, काढे, जिममधल्या पावडरी, कोणी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या, सगळे तिच्यात यावे. नेमक्या तारखा आठवत नसतील तर चवथीच्या आधी की नंतर, शिगम्याला दुखत होते की नव्हते, असे विचारून जुळवाव्यात. पुष्कळ निदाने या यादीनेच निम्मी होतात.

प्रश्न : औषधाचा असा परिणाम झाला तर सामान्य माणसाने तो कुठे कळवायचा? (काणकोण)

उत्तर : भारतात २०१० पासून औषधसतर्कता कार्यक्रम चालतो. त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात असून येथील नोंदी जागतिक आरोग्य संघटनेच्या जाळ्यातून स्वीडनमधील उप्साला येथील केंद्रापर्यंत पोहोचतात. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः माहिती देऊ शकतात. डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांच्यासाठी वेगळा अर्ज आहे आणि ग्राहकांसाठी वेगळा, सोपा अर्ज आहे. औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध झालेले असण्याची गरज नाही. संशय पुरेसा आहे. रुग्णाच्या नावाची आद्याक्षरे, वय, त्रास काय व कधी सुरू झाला, संशयित औषधाचे नाव आणि कळवणाऱ्याचा पत्ता एवढे असावे. पाकीट फेकून दिले असेल तर बॅच क्रमांकाची जागा रिकामी ठेवली तरी नोंद करता येते.